सँ-लेओनारची पहिली इयत्ता

लिगुरियाच्या किनाऱ्यावरील पोर्तो माउरीत्सिओ या गावी १६७६ साली जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेऊन इटलीच्या गावोगावी प्रवचने करीत हिंडलेल्या आणि १८६७ साली रोमने संतपदी चढविलेल्या लिओनार्दो नावाच्या एका साधूच्या नावाने, त्याने कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या कॅनडा देशात, क्वेबेक प्रांतातील मॉन्ट्रियल बेटाच्या ईशान्य भागात, १८८६ साली फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांचे एक गाव स्थापन झाले. सँ-लेओनार-द-पोर-मोरीस हे त्या गावाचे पूर्ण नाव. गावाचा संत परभाषेचा आहे याची खंत त्या शेतकऱ्यांना वाटल्याचे दिसत नाही. तो आपल्या धर्माचा होता, एवढे त्यांना पुरे होते. पुढे ऐंशी वर्षांनी मात्र त्याच गावाच्या हमरस्त्यावर, त्या संताच्या देशातून आलेल्या बिऱ्हाडांची सहा वर्षांची मुले कोणत्या भाषेत मुळाक्षरे गिरवतील या प्रश्नावरून दुकानांच्या काचा फुटल्या, माणसांची डोकी फुटली आणि नगराध्यक्षाला दंगाबंदीचा कायदा जाहीरपणे वाचून दाखवावा लागला. भाषेच्या हक्काविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पण दोन दुबळ्यांचे हक्क जेव्हा एका अरुंद वाटेत समोरासमोर येऊन उभे राहतात, तेव्हा त्या शब्दाला कोणता अर्थ उरतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने सँ-लेओनारची ही हकीकत सावकाश वाचावी, असे मला वाटते.

१९५० नंतरची काही वर्षे उलटली तरी सँ-लेओनार हे शेतांनी वेढलेले, हजाराच्या आतबाहेर वस्तीचे खेडेच होते. मग एका सहकारी गृहसंस्थेने तेथे मध्यम उत्पन्नाच्या फ्रेंच कुटुंबांसाठी शेकडो घरे बांधावयास घेतली. त्यापाठोपाठ बेटाला आडवा छेद देणारा महानगरी मार्ग झाला. शेतांचे भूखंड पडले, १९६२ साली खेड्याला नगराचा दर्जा मिळाला आणि १९७१ च्या शिरगणतीच्या वेळी वस्ती पन्नास हजारांवर गेली. एवढ्या अल्प काळात उभ्या राहिलेल्या गावात जुने-नवे, स्थानिक-उपरे असा भेद करणे कठीणच असते, कारण सगळेच काल-परवा आलेले असतात. तरी तो भेद झाला, आणि तो शाळेच्या दारात झाला.

नव्या वस्तीतला जवळजवळ तिसरा हिस्सा इटालियन होता. मोलीझे, कांपानिया, कालाब्रिया, सिसिली या दक्षिणेकडील दरिद्री मुलखांतून, युद्धाने आणि जमिनीच्या तुकड्यांनी उपाशी ठेवलेली ही माणसे भावाने भावाला, मामाने भाच्याला बोलावून घ्यावे अशा साखळीने मॉन्ट्रियलला येत गेली. १९६१ च्या सुमारास शहरात त्यांची संख्या लाखाच्या घरात पोचली होती. जाँ-तालों बाजाराच्या आणि नोत्र-दाम-द-ला-देफाँस या त्यांच्या देवळाच्या आसपासच्या जुन्या इटालियन मोहल्ल्यात एकेका खोलीत दाटीने राहून, पै-पै साठवून, त्यांनी सँ-लेओनारमध्ये भूखंड घेतले आणि पुष्कळांनी आपल्या हातांनी घरे बांधली. ते गवंडी होते, सुतार होते, बिगारी होते. १९६६ साली सुरू झालेल्या मॉन्ट्रियलच्या भुयारी रेल्वेच्या आणि १९६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामांवर त्यांचा घाम पडला होता. बायका कपड्यांच्या कारखान्यांत नगावर मजुरी घेऊन शिवत. घर दुमजली, खाली मालक आणि वर भाडेकरू. भाड्यातून कर्जाचा हप्ता फिटे. तळघरात दुसरे स्वयंपाकघर, तेथे उन्हाळ्याच्या शेवटी टोमॅटो शिजवून वर्षाचा रस बरण्यांत भरला जाई. आणि मागल्या अंगणात द्राक्षाचा मांडव व अंजिराचे झाड, जे हिमवर्षाव सुरू होण्यापूर्वी वाकवून मातीखाली पुरून ठेवावे लागे आणि वसंतात पुन्हा उकरून उभे करावे लागे.

या माणसांची भाषा कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पुस्तकी इटालियन त्यांतल्या बहुतेकांच्या घरात कधी बोललीच गेली नव्हती. प्रत्येक गावची बोली निराळी, आणि त्या बोलीत आता नव्या देशाचे शब्द शिरू लागले होते: कामाला ‘जोब्बा’, मुकादमाला ‘बोस्सो’, आणि ज्या ‘फात्तोरिया’ शब्दाचा अर्थ मायदेशी शेतवाडी असा होता, तोच आता कारखान्याला लागू लागला. शेताचे नाव कारखान्याला मिळाले, या एका शब्दात त्या पिढीचे सगळे स्थलांतर आले आहे. घरी बोली, शेजारी आणि सोबतच्या मजुरांत फ्रेंच, आणि मजुरीच्या पाकिटावर, यंत्राच्या पाटीवर, साहेबाच्या दिवाणखान्यात इंग्रजी, अशी त्यांच्या दिवसाची भाषावार वाटणी होती.

मॉन्ट्रियल हे पॅरिसनंतरच्या मोठ्या फ्रेंचभाषी शहरांत गणले जाई. पण त्या शहराची तिजोरी इंग्रजीत उघडत असे. १९६३ साली केंद्र सरकारने नेमलेल्या द्विभाषा-द्विसंस्कृती आयोगाने १९६१ च्या शिरगणतीवरून उत्पन्नाचे जे कोष्टक मांडले, त्यात क्वेबेकमधील चौदा वांशिक गटांत फ्रेंच-कॅनेडियन पुरुष बाराव्या क्रमांकावर होते. आपल्याच प्रांतात, जेथे दर पाच माणसांमागे चार फ्रेंच, तेथे त्यांच्याखाली उरले होते ते फक्त इटालियन आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी. पुढे सँ-लेओनारच्या रस्त्यावर ज्यांनी एकमेकांवर हात टाकले, ते त्या कोष्टकाच्या तळच्या ओळीतले शेजारी होते. इटालियन बापाने ते कोष्टक वाचलेले नव्हते. पण रोजच्या अनुभवाने त्याला तेवढे गणित येत होते. बँकेतला अधिकारी, कारखान्याचा मालक, घर विकणारा दलाल वरच्या पायरीवर गेला की इंग्रजी बोलतो. आणि आपला नातेवाईक उद्या टोरोंटोला किंवा न्यूयॉर्कला गेला तरी तेथेही तीच भाषा चालते. आपण विटा वाहिल्या, मुलाने वाहू नयेत, या एका इच्छेपुढे त्याला दुसरे काही दिसत नव्हते, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे मला जमत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी फ्रेंच पक्षाच्या वक्त्यांनी क्वचितच बोलून दाखविली. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात इटालियन मुलांपैकी पुष्कळजण फ्रेंच शाळांतच जात असत. धर्म एक, भाषेचे कूळ एक, लग्नसंबंधही होत. पण १८६७ च्या घटनेच्या ९३ व्या कलमाने शाळांची विभागणी केली होती ती धर्मावरून: कॅथलिकांची शाळामंडळे वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी. भाषेचे नावही त्या कलमात नव्हते. कॅथलिक मंडळांत फ्रेंच शाळा होत्या, तशा आयरिश लोकांच्या जुन्या हक्काने चालत आलेल्या इंग्रजी शाळाही होत्या. आणि परक्या घरचे मूल आले की त्याला त्या इंग्रजी शाखेकडे पाठवून मोकळे व्हावे, अशी वृत्ती फ्रेंच शाळांत मुरत गेली. शतकभर ‘भाषा ही श्रद्धेची राखणदार’ या भावनेने जगलेल्या समाजाने आपले दार पाहुण्यासाठी अर्धवटच उघडे ठेवले होते. १९६० नंतरच्या दशकात मॉन्ट्रियलमधील नवागतांच्या दहा मुलांपैकी आठ-नऊ मुले इंग्रजी शाळेत दिसू लागली, तेव्हा त्या आकड्यात या जुन्या उदासीनतेचाही वाटा होता.

पण त्याच दशकात फ्रेंच समाजाचा सगळा नूरच पालटला. १९६० साली जाँ लसाज यांचे सरकार आले आणि ज्याला तेथे ‘शांत क्रांती’ म्हणतात ते पर्व सुरू झाले. वीजकंपन्या प्रांताच्या मालकीच्या झाल्या, फ्रेंच भाषेसाठी सरकारी कचेरी उघडली, १९६४ साली शिक्षणखाते चर्चच्या हातून काढून मंत्र्याच्या हाती आले. त्याबरोबरच आणखी एक बदल निमूटपणे होत होता. दहा-बारा लेकरांची फ्रेंच कुटुंबे ही त्या समाजाची दोनशे वर्षांची तटबंदी होती. पाळण्यांनी घेतलेला सूड, असे तेथे म्हणतच. आता त्या घरांत दोन-तीनच मुले होऊ लागली. जननाचा आकडा घसरला आणि बाहेरून येणारा प्रत्येक माणूस इंग्रजीत विरघळू लागला, तर दोन पिढ्यांनंतर मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच अल्पसंख्य होईल, असे लोकसंख्याशास्त्रज्ञ उघडपणे लिहू लागले. समग्र उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी महासागरात एका बेटाएवढा उरलेला हा समाज. त्याची ही भीती काल्पनिक नव्हती. ‘गोऱ्यांची भाषा बोल’ हा टोमणा दुकानात, कचेरीत ऐकून घेतलेली माणसे अजून हयात होती.

सँ-लेओनारच्या कॅथलिक शाळामंडळाने १९६३ साली एक मधला मार्ग काढला होता. इटालियन मुलांसाठी द्विभाषिक वर्ग उघडले, दिवसाचा काही भाग फ्रेंचमध्ये आणि काही इंग्रजीत. पालक खूष होते. पण चार वर्षांनी पाहिले तर या वर्गांतून बाहेर पडणारी बहुतेक मुले पुढे इंग्रजी माध्यमिक शाळेचीच वाट धरीत होती. म्हणजे फ्रेंच करदात्याच्या पैशाने इंग्रजी समाजाची भरती चालली आहे, असे फ्रेंच पालकांना वाटू लागले. १९६७ च्या अखेरीस हे वर्ग बंद करण्याची भाषा मंडळात निघाली. रेमों लमियो नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली शालेय एकीकरणाची चळवळ उभी राहिली, तिचे उमेदवार मंडळाच्या निवडणुकीत निवडून आले, आणि २७ जून १९६८ रोजी मंडळाने ठराव केला की येत्या सप्टेंबरपासून पहिल्या इयत्तेत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे शिक्षण फ्रेंचमध्येच होईल.

ठराव फक्त पहिलीपुरता होता. वरच्या वर्गांतील मुलांना हात लावलेला नव्हता. पण ज्या घरात थोरला मुलगा इंग्रजी शाळेत तिसरीत आणि धाकटी मुलगी आता फ्रेंच शाळेत पहिलीत, अशी फाळणी एकाच जेवणाच्या मेजावर होणार होती, त्या घराला हा ठराव लहान वाटणे शक्य नव्हते. इंग्रजीभाषी कॅथलिक पालक आणि इटालियन पालक यांनी संघटना केली, मोर्चे काढले, ओटावापर्यंत गाऱ्हाणी नेली, आणि सप्टेंबर उजाडताच मुलांना शाळेत पाठविण्याचे नाकारून घरांच्या तळघरांत वर्ग भरविले. टोमॅटोच्या बरण्यांशेजारी बाके मांडली गेली. दुसरीकडे, एमे-रेनो नावाची फ्रेंच माध्यमिक शाळा इंग्रजी विद्यार्थ्यांना देण्याचा बेत कळताच फ्रेंच मुलांनीच त्या इमारतीचा कबजा घेतला, रात्रंदिवस आत मुक्काम ठोकला, आणि त्यांच्या हट्टापुढे वरिष्ठांना माघार घ्यावी लागली. एका गावात एकाच महिन्यात एका पक्षाची मुले शाळेबाहेर आणि दुसऱ्या पक्षाची मुले शाळेतून बाहेर पडावयास तयार नाहीत, असे चित्र होते. या सगळ्या धामधुमीत मुलांना काय वाटत होते हे कुणी लिहून ठेवलेले मला फारसे आढळले नाही, आणि इतिहासाच्या दफ्तरातील ही उणीव मला सर्वांत जास्त सलते.

प्रांताचे मुख्यमंत्री दानिएल जॉन्सन २६ सप्टेंबर १९६८ रोजी अकस्मात वारले. त्यांच्या जागी आलेले जाँ-जाक बेरत्राँ हे मनाने मवाळ गृहस्थ. आईबापांची निवड हा नैसर्गिक हक्क आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. त्यांनी ८५ क्रमांकाचे विधेयक आणून पालकांना माध्यम निवडण्याची मोकळीक द्यावयाचे ठरविले, पण पक्षातच एवढा गदारोळ झाला की मार्च १९६९ मध्ये मसुदा मागे घ्यावा लागला. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मॅकगिल विद्यापीठ फ्रेंच करा, अशी घोषणा देत हजारो माणसे मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर उतरली. उन्हाळा तापतच गेला. सप्टेंबरच्या आरंभी सँ-लेओनारमधील एका शाळेत एकीकरणवाद्यांची सभा चालू असता इटालियन जमाव आत घुसला आणि हाणामारी झाली. आणि १० सप्टेंबर १९६९ च्या संध्याकाळी एकीकरणवाद्यांची मिरवणूक इटालियन दुकानांनी भरलेल्या जाँ-तालों रस्त्याने निघाली. नगराध्यक्ष लेओ वेलेत यांनी दंगाबंदीचा कायदा वाचला. जमाव पांगला नाही. दगड, लाठ्या, अश्रुधूर. दुकानांच्या काचा, मोटारी. पन्नासएक जणांना अटक. दुसऱ्या दिवशी सबंध कॅनडाला या उपनगराचे नाव माहीत झाले.

बेरत्राँ सरकारने दंगलीला कायद्याने उत्तर दिले. २० नोव्हेंबर १९६९ रोजी ६३ क्रमांकाचे विधेयक मंजूर झाले. नाव ‘फ्रेंच भाषेच्या संवर्धनाचा कायदा’ असे होते, पण त्याचे सार एवढेच की कोणत्याही आईबापाने मागितल्यास मुलाला इंग्रजीत शिक्षण मिळेल. इंग्रजी शाळेतील मुलांना कामापुरते फ्रेंच आले पाहिजे, ही पुस्ती जोडलेली. सभागृहात रने लेवेक यांच्यासह मूठभर सभासद विरोधात उभे राहिले, आणि सभागृहाबाहेर हजारो विद्यार्थी, शिक्षक व कामगार जमले. पुढल्या एप्रिलात बेरत्राँ यांचा पक्ष निवडणुकीत धुळीस मिळाला. त्यानंतर ऑक्टोबर १९७० मध्ये ब्रिटिश व्यापारदूताचे अपहरण, मंत्री पिएर लापोर्त यांचा खून आणि लष्कराचा पहारा हे जे भीषण प्रकरण घडले, ते या लेखाच्या हद्दीबाहेरचे आहे; पण त्या हिवाळ्यात भाषेचा प्रश्न शाळामंडळाच्या बैठकीत मिटणार नाही, हे सर्वांना कळून चुकले.

मग आली १९७४ सालची तरतूद, आणि या सबंध हकीकतीत मनाला सर्वाधिक बोचणारी हीच. मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांच्या २२ क्रमांकाच्या कायद्याने फ्रेंच ही प्रांताची एकमेव राजभाषा ठरविली आणि इंग्रजी शाळेत जावयाचे असेल तर मुलाला इंग्रजीचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे, अशी अट घातली. ज्ञान आहे की नाही हे ठरविण्यासाठी परीक्षा. पाच-सहा वर्षांचे मूल, आईचा हात सोडून परक्या अधिकाऱ्यापुढे बसविलेले, त्याला चित्रे दाखवून नावे विचारली जात. इटालियन वस्तीत शनिवारी या परीक्षेचे वर्ग निघाले. ज्या मुलाला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती त्याच्याकडून इंग्रजी शब्द घोकून घेतले जाऊ लागले. नापास झालेल्यांसाठी पुन्हा तळघरे उघडली, आणि काही इंग्रजी शाळांनी हजेरीपटावर नाव न चढविता मुले मागल्या बाकावर बसवून घेतली. फ्रेंच पक्षाला हा कायदा लेचापेचा वाटला, इंग्रजी पक्षाला अन्यायी, आणि १५ नोव्हेंबर १९७६ च्या निवडणुकीत बुरासा हरले आणि रने लेवेक यांचे सरकार आले.

येथे मला आपल्याकडील एक प्रकरण आठवते. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन व अनाशियाई वंशाचे नागरिक यांखेरीज कुणाच्या मुलांना प्रवेश देऊ नये. हेतू देशी भाषांच्या उत्कर्षाचा होता. देवळालीच्या बार्न्स शाळेत प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या पालकांनी, ज्यांपैकी एकाची मातृभाषाच इंग्रजी आणि दुसऱ्याची गुजराती होती, न्यायालयात धाव घेतली, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरविला: हेतू कितीही स्तुत्य असला तरी मुलाला दार बंद होते ते भाषेमुळे आणि वंशामुळे, आणि घटनेला ते मान्य नाही. मुंबईतील राज्यकर्त्यांना आपली भाषा पोटापाण्याची व्हावी असे वाटत होते, तसेच क्वेबेकच्या राज्यकर्त्यांना वाटत होते. पण भाकरीची भाषा बदलावयाचे सोडून आधी शाळेच्या दारावर पहारा बसविला, ही चूक दोन्हीकडे झाली. फरक एवढाच की क्वेबेकने पुढे तिसरा प्रयत्न केला, आणि तो अधिक मूलगामी होता.

लेवेक यांच्या सरकारातील कामीय लोराँ हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. आपल्या समाजाला न्यूनगंडाचा जुना विकार जडला आहे आणि कायदा हे त्यावरचे औषध आहे, अशी त्यांची धारणा होती. २६ ऑगस्ट १९७७ रोजी मंजूर झालेली फ्रेंच भाषेची सनद, जिला सर्वजण ‘एकशे एकचा कायदा’ म्हणतात, तिने शाळेइतकेच किंबहुना शाळेआधी कारखान्याकडे लक्ष दिले. मालकाने कामगाराशी व्यवहार फ्रेंचमध्ये करावयाचा, करारनामे फ्रेंचमध्ये, पाट्या फ्रेंचमध्ये, मोठ्या आस्थापनांनी कामकाजाचे फ्रेंचीकरण करून दाखला मिळवावयाचा; इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला कामावरून काढावयाचे नाही. आणि शाळेच्या बाबतीत मुलाची परीक्षा रद्द झाली. आता पाहावयाचे ते बापाचे किंवा आईचे दफ्तर: त्यांच्यापैकी एकाने क्वेबेकमध्ये इंग्रजी प्राथमिक शिक्षण घेतले असेल तर मूल इंग्रजी शाळेत जाईल, नसेल तर फ्रेंच. आधीपासून इंग्रजी शाळेत असलेल्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावंडांना सूट मिळाली. कठोर कायदा, पण सहा वर्षांच्या जिवाला प्रश्न विचारण्याचे त्याने बंद केले, हे मी त्याच्या जमेस धरतो.

किंमत मोठी पडली. १९७८ च्या जानेवारीत सन लाइफ या प्रचंड विमाकंपनीने आपले मुख्य कार्यालय टोरोंटोला नेण्याचे जाहीर केले. कितीतरी इंग्रजीभाषी कुटुंबांनी घरे विकून प्रांत सोडला. न्यायालयांनी सनदेची काही कलमे मोडीत काढली: १९८२ च्या नव्या घटनेच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ठरविले की कॅनडाच्या कोणत्याही भागात इंग्रजीत शिकलेल्या नागरिकाच्या मुलाला क्वेबेकची इंग्रजी शाळा खुली आहे, १९८८ मध्ये फक्त फ्रेंच पाट्यांची सक्तीही बाद झाली. मात्र इटलीहून, ग्रीसहून, हैतीहून, व्हिएतनामहून येणाऱ्यांच्या मुलांना फ्रेंच शाळा, हे मूळ तत्त्व टिकले.

सँ-लेओनारच्या काही इटालियन घरांनी तेही मानले नाही. १९७७ नंतरही कॅथलिक मंडळांच्या इंग्रजी शाळांत पात्रतेचा दाखला नसलेली हजारावर मुले शिकत राहिली. ‘बेकायदा मुले’ हे त्यांचे नावच पडले. सरकार त्यांच्यापोटी अनुदान देत नसे. शिक्षकांनी त्यांना आपल्या वर्गात सामावून घेतले होते. ती रोज दप्तर घेऊन जात, धडे घेत, चाचण्या देत, आणि सरकारी नोंदवहीत मात्र कुठेच नसत. दहावी-अकरावी संपली तरी त्यांच्या शिक्षणाला सरकारी मान्यता मिळेना. १९८६ साली, पुन्हा सत्तेवर आलेल्या बुरासांच्या सरकारातील शिक्षणमंत्री क्लोद रायन यांनी कायदा करून त्यांना अभय दिले आणि ती नावे अखेर दफ्तरात चढली.

दरम्यान काळाने दुसरे एक काम केले होते. फ्रेंच बोलून पैसा मिळू लागला. फ्रेंचभाषी उद्योजक, व्यवस्थापक, दलाल यांचा एक नवा वर्ग उदयाला आला आणि आयोगाच्या त्या कोष्टकातली बारावी ओळ हळूहळू वर सरकली. फ्रेंच शाळेत गेलेली नवागतांची मुले घरी एक, वर्गात दुसरी आणि मोहल्ल्यात तिसरी भाषा सहज बोलू लागली. त्यांना तेथे ‘एकशे एकची मुले’ म्हणतात, आणि आज दहापैकी नऊ नवागत मुले त्यांत मोडतात. मोलीझेमधील मोन्तेलोंगो गावातून १९५८ साली, तेराव्या वर्षी आलेला मार्को मिकोने फ्रेंच भाषेचा नाटककार झाला. १९८२ च्या त्याच्या ‘जाँ द्यु सिलाँस’ या नाटकात मौनात राहिलेल्या इटालियन मजुरांची कहाणी आहे; आणि मिशेल लालोंद या फ्रेंच कवयित्रीची जी कविता १९६८ पासून फ्रेंच समाजाच्या अपमानाची जणू नोंदवही झाली होती, तिला उत्तर म्हणून त्याने १९८९ मध्ये स्वतःची कविता लिहिली. त्या उत्तरात वैर नव्हते. आम्हीही या मातीत राबलो, आमचाही आवाज तुमच्या भाषेत मिसळू द्या, असा तो आग्रह होता, आणि तो त्याने फ्रेंचमध्येच मांडला. पण मिकोनेच्या लिखाणात वारंवार येणारे दुःख आहे ते तिसऱ्याच भाषेचे. शाळामंडळाच्या ठरावात, विधेयकांत, न्यायालयाच्या निवाड्यांत भांडण झाले ते फ्रेंच आणि इंग्रजी यांचे; आजीच्या बोलीसाठी कुणी मोर्चा काढला नाही, खुद्द इटालियनांनीही नाही. इटालियन संस्थांचे शनिवारचे वर्ग आणि १९७०–८० च्या दशकाच्या शेवटी सरकारनेच सुरू केलेले मूळ भाषांचे वर्ग यांत शिकविली जाई ती पुस्तकी, शुद्ध इटालियन. नातवंडे ती शिकून घरी येत आणि आजीला सांगत की तू चुकीचे बोलतेस.

सँ-लेओनार २००२ साली मॉन्ट्रियल महानगरात विलीन झाले. लाकोर्देर मार्गावर आता इटालियन समाजाचे लिओनार्दो दा विंची केंद्र उभे आहे. पण त्या घरांतले पुष्कळ लोक आणखी उत्तरेकडील नव्या उपनगरांत गेले आणि वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर अल्जीरिया, मोरोक्को, हैती येथून आलेली कुटुंबे राहावयास आली. जाँ-तालों रस्त्यावर पश्चिमेकडे थोडे चालत गेले की जो भाग आता ‘छोटे माघ्रेब’ या नावाने ओळखला जातो, तेथील पाट्या फ्रेंच आणि अरबीत आहेत. शाळामंडळांची धर्मावरून झालेली विभागणी १९९८ साली मोडून ती भाषेवर आणली गेली. फ्रेंच मंडळ वेगळे झाले आणि इंग्रजी मंडळ वेगळे. इंग्रजी शाळेचा हक्क दफ्तरावरून उतरत जातो म्हणून इंग्रजी शाळांत अद्याप इटालियन आडनावे पुष्कळ आढळतात, पण वर्गांतील मुले दर वर्षी कमी होत गेली. आणि फ्रेंच शाळांत नवागतांची मुले एवढी वाढली की खोल्या पुरेनात, मैदानांवर तात्पुरते वर्ग उभारावे लागले. अखेर २०१९ साली शिक्षणमंत्र्यांनी हुकूम काढला आणि सँ-लेओनारमधील एका इंग्रजी शाळेची इमारत फ्रेंच मंडळाच्या ताब्यात दिली. त्या शाळेच्या दारात निषेधाचे फलक घेऊन उभ्या राहिलेल्या पालकांत इटालियन नावांचे आईबाप होते, आणि सुट्टी संपल्यावर त्याच दारातून आत गेलेल्या पहिल्या इयत्तेतील मुलांच्या घरी अरबी, क्रिओल आणि स्पॅनिश बोलली जात होती.